बेसिनमधलं रक्त

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येतं आणि येण्याआधी पाइपातून हवा येते. आधी फुस्स, मग खोलातून कुणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज. शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हाही तसंच होतं, आता छत्रपती संभाजीनगर झालंय तरी तसंच आहे.

आठवीच्या सुट्टीत मी नारायण धारपांची ‘शपथ’ वाचली आणि त्या आवाजाला जाम घाबरायला लागले. मलिक अंबरने सतराव्या शतकात बांधलेल्या नहरी शहराच्या पोटात आहेत, हे शाळेत शिकवलेलं. त्यातून ‘ते’ थेट सिडकोत आमच्या बेसिनपर्यंत येणार, याची मला खात्री होती.

‘शपथ’ स्टीफन किंगच्या ‘इट’वर बेतलेली आहे, हे फार नंतर कळलं. गेल्या पावसाळ्यात मूळ कादंबरी वाचली. १९८६ सालचा, हजारावर पानांचा ठोकळा. डेरी नावाच्या गावात मुलं नाहीशी होतात, मरतात. अकराएक वर्षांची सात मुलं त्यामागच्या राक्षसाशी लढतात. जोकराचा मुखवटा घेणारा हा राक्षस सगळ्यांना माहीत आहे. पण मला या वेळी जोकराची भीती वाटलीच नाही.

मी अडकले बेव्हर्लीच्या बाथरूममध्ये. तिच्या बेसिनमधून रक्त उसळतं. बाप आत येऊन बघतो, त्याला काहीच दिसत नाही. मग ती मित्रांना घेऊन येते. त्यांना दिसतं. पोरं घाबरतात, पण फडकी घेतात आणि तिच्यासोबत सगळं पुसून काढतात.

मी पुस्तक बंद केलं, कारण मला समोरच्या घरातली मैत्रीण आठवली. सातवीत असताना तिने एकदा बाही वर करून दंडावरचे वळ दाखवले होते. “दिसतंय ना तुला?” एवढंच म्हणाली. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, “दुसऱ्यांच्या घरातलं आपण बोलू नये.” अख्ख्या गल्लीला तिच्या घरातले आवाज ऐकू यायचे. बाबा टीव्हीचा आवाज वाढवायचे. पुढच्या वर्षी ते लोक घर सोडून गेले. मला दिसलं होतं, पण मी फडकं घेतलं नाही.

कादंबरीत एक शेजारीही आहे. बेव्हर्लीला गुंड पोरं घेरतात, तेव्हा तो व्हरांड्यातून बघतो, पेपरची घडी घालतो आणि आत जातो. डेरीतला खरा राक्षस मला तिथे दिसला. गटारातल्याला सत्तावीस वर्षांनी पुन्हा जाग येते, पण पेपरची घडी घालणारे रोज जागे असतात.

आणखी एक गोष्ट. गाव सोडून गेलेली मुलं मोठी झाल्यावर सगळं विसरतात. आठवतं ते गावातच राहिलेल्या माइकला. माझ्या मैत्रिणी पुण्याला, बंगळुरूला गेल्या. मी इथेच आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर एक कुटुंब राहायला आलंय. रात्री त्यांच्या मुलाचं रडणं ऐकू येतं. हट्टाचं रडणं आणि माराचं रडणं वेगळं असतं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. महिनाभर मी कानात इअरफोन घालून पुस्तक वाचत होते. भयकादंबरी! माझी पेपरची घडी तीच होती.

परवा रात्री वर गेले. बेल वाजवताना पाय थरथरत होते. दार उघडणाऱ्या माणसाला काय म्हणावं ते सुचेना, म्हणून म्हणाले, “तुमच्याकडे पाणी आलं का?” त्याच्या मागे ते पोरगं उभं होतं. डोळे सुजलेले. मी त्याच्याकडे बघितलं, आणि मी बघितलं हे बापालाही दिसलं.

त्या रात्री पुढे आवाज आला नाही. त्याने सगळं बदललं, असं मी म्हणणार नाही. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आता फोनमध्ये सेव्ह आहे. पुन्हा तसं रडणं ऐकू आलं, तर लावणार आहे.

आज पहाटे पाणी आलं. नळ खाकरला. मी उठले, आणि आधी वरचा कानोसा घेतला.