पाहुणा मासा आणि तापी

मुक्या जिवाला मोकळे करावे, हा संस्कार आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. म्हणूनच आमचा सकर मासा काचपेटीत मावेनासा झाला, तेव्हा नातू म्हणाला, "आजोबा, याला तापीत सोडू या." मी नको म्हटले, तशी त्याचे डोळे भरून आले.

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा. अंगावर हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत, तोंड खालच्या अंगास. काचेवरचे शेवाळ खरवडून खातो, म्हणून हौशी मंडळी त्याला बोटाएवढा असताना आणतात. पुढे तो दीड फूट वाढतो. भीमेवरील उजनी जलाशयात हे मासे पसरले आणि कोळ्यांची जाळी फाटू लागली. बाजारात मात्र त्यांना गिऱ्हाईक नाही. नर अंड्यांसाठी काठात बिळे खणतो. हवा गिळून पाण्याबाहेरही तो तासन्‌तास तग धरतो. एकदा रुजल्यावर त्याला बाहेर कोण काढणार?

भुसावळजवळून वाहणारी तापीच सुरतेत आपल्या दारी येते. खानदेशातून येथे आलेल्या आपल्या लोकांची ती माहेरची नदी. एका जिवाच्या दयेपोटी तिच्यातील असंख्य जिवांवर संकट का आणावे? नातवाला मी मोठी काचपेटी घेऊन दिली आहे. मासा तेथेच म्हातारा होईल.