बाटलीत लागलेली धार

ट्रक आम्ही दोघा भावांनी जुनाच घेतला, 2021 साली. आधीच्या मालकाने चढाला जोर मिळावा म्हणून इंजिनाला बाहेरून एक चिप बसवून घेतली होती. आम्हांला तर आनंदच! भरली गाडी कसारा घाटात दणक्यात चढायची.

पुढच्या उन्हाळ्यात तीच गाडी घाटात दम टाकू लागली. इंजिन तापलेले असताना बंद केले, की सेल्फ मारून बॅटरी उतरे, पण गाडी सुरू होईना. एका गॅरेजवाल्याने काही न उघडताच सांगितले, "पंप गेला." पंप म्हणजे आमचे तीन हप्ते! आई म्हणाली, "अरे, आधी नीट बघा तरी."

मग ओळखीच्या फिटरकाकांना आणले. त्यांनी फिल्टर पाहिला. प्रत्येक नोझलचे रिटर्न बाटलीत धरून मोजले, सारखे भरले. मग कॉमन रेलवरच्या प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हची रिटर्न नळी काढली, तिथे दुसरी लावून बाटलीत सोडली. "मार सेल्फ." तिथून एरवी डिझेल येता कामा नये, आमच्या बाटलीत धार लागली. गाडी सुरू व्हायला रेलमध्ये सुमारे 200 बार दाब लागतो, तो साठणार कुठून? त्यात गरम डिझेल पातळ, गळती आणखी जास्त.

चिप दाब वाढवी, व्हॉल्व्ह पुन्हापुन्हा उघडे. त्यात त्याची सीट झिजली होती. धाकट्याने दाबाच्या नळीकडे बोट नेले तसे काका ओरडले, "हात मागे! ती धार कातडीत घुसते."

व्हॉल्व्ह बदलला, चिप काढून ठेवली. पंप जुनाच आहे. घाट आता सावकाश चढतो.