माळावरून गेलेलं

मातीचा वरचा थर. एका हेक्टरवरून जेमतेम 1 मिलिमीटर गेला तरी 10 घनमीटर माती जाते. वजनात सुमारे 13 टन. ओघळ पडत नाही, घळ होत नाही, म्हणून उपग्रहाच्या चित्रात काही उमटत नाही. लँडसॅटचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद तुकडा. शिवाय माती वाहते पावसात, आणि नेमकं तेव्हाच आभाळ झाकलेलं. बांधावरच्या बाभळीची मुळं मात्र उघडी पडतात. शेतात ठोकलेली लोखंडी खुंटी दरसाल थोडी जास्त दिसते.

मारवेल, पवन्या, शेडा. गुरं आधी हीच गवतं खातात, म्हणून चराई वाढली की आधी हीच जातात. मागे उरते कुसळी, मेंढरांच्या कातडीत रुतणारी. पानं तांबडा प्रकाश शोषतात, अवरक्त परतवतात. त्या फरकावरून उपग्रह हिरवेपणाचा आकडा काढतो. कोणतं गवत हिरवं आहे, हे त्या आकड्यात नसतं.

उघडा माळ. सोलापूरकडे माळांवर गिरिपुष्प लावलं गेलं, वेडी बाभूळ आपणहून पसरली. आकडा चढला. हिरवं म्हणजे सुधारलेलं, हे मला मुळीच मान्य नाही. माळढोक पक्ष्याला मोकळं रान लागतं. त्याच्यासाठी 1979 साली नान्नजला अभयारण्य झालं. आता तिथेही तो क्वचितच दिसतो.

सेंद्रिय कर्ब. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीत जमिनीचा ऱ्हास तीन खुणांवर ठरतो: वरचं आच्छादन, उत्पादकता आणि हा कर्ब. एक जरी घसरली, तरी जमीन खालावलेली धरतात. यातल्या कर्बासाठी ‘व्ही’ आकाराचा खड्डा घेऊन माती प्रयोगशाळेत न्यावी लागते.

शेतात मेंढरं बसवणं, लेंडीखतासाठी. तेही कमी झालं.

अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राच्या नकाशांनुसार 2018-19 मध्ये देशाची 9 कोटी 78 लाख हेक्टर जमीन खालावलेली होती. महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. हे नकाशे मोलाचे आहेत. त्यांच्याशिवाय एवढा पसारा नजरेत आलाच नसता. पण त्यांचा रंग खरा की खोटा, हे शेवटी माळावर जाऊनच ठरतं.

आणि तिथे वाळलेल्या काडीवरून गवत ओळखणारी माणसं कमी होत चालली आहेत. पडताळणीला निघणाऱ्या प्रत्येक पथकात एक जाणता धनगर मानधनावर हवा, आणि नोंदवहीत गवताच्या नावाचा रकाना.