अर्जावरची सही

तापीच्या मुलखात आमचे आयुष्य गेले. हतनूर धरण वरणगावापासून जवळच. पावसाळ्यात त्याचे ४१ दरवाजे उघडले की आम्हीही लेकरांना घेऊन पाणी पाहायला जातो, पण दुरूनच. पाणी म्हणजे धोका, एवढेच आम्ही मुलांना शिकवले.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या आठवीतल्या मुलीने पोहण्याच्या शिबिराचा अर्ज पुढे केला. "बाबा, सही करा ना." आम्ही सही केली नाही. "मुलींना काय करायचंय पोहून?" असे म्हणून मोकळे झालो. त्याच आठवड्यात एका सभेत आम्ही मुलींच्या प्रगतीवर तासभर बोललो होतो! पोरगी काही बोलली नाही. अर्जाची घडी करून तिने दप्तरात ठेवली.

पुढे तिनेच आम्हाला नेहा ठाकूरची हकिकत वाचायला दिली. नेहा मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्याची, अमलाताज या खेड्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. त्या राज्याला समुद्र नाही. तरी ती शिडाची होडी शिकली, कुठे तर भोपाळच्या मोठ्या तलावावर! तिथे नॅशनल सेलिंग स्कूल आहे. याच भोपाळच्या तालमीतल्या हर्षिता तोमरने २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले होते. नेहाने मार्च २०२२ मध्ये अबुधाबीच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्य मिळवले आणि २६ सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधील हांगझाऊ आशियाई स्पर्धेत रौप्य. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. त्या स्पर्धेतले भारताचे शिडाच्या होडीचे ते पहिले पदक.

तिच्या होडीला आयएलसीए-४ म्हणतात. चार मीटरहून थोडी लांब, शीड ४.७ चौरस मीटरचे, आणि बसणारी एकटी. शीड तिनेच ओढायचे, सुकाणू तिनेच धरायचे. वारा समोरून आला तर होडी सरळ पुढे जात नाही. कधी डावीकडे, कधी उजवीकडे अशी नागमोडी न्यावी लागते. होडी कलली की अंग बाहेर झोकून तोल सांभाळायचा. पोहता येत नसेल तर या खेळात पाऊलच टाकता येत नाही.

आम्ही कॉमर्सचे पदवीधर आणि पेशाने कारकून, म्हणून गुणांचा हिशेब मुद्दाम समजून घेतला. पहिल्या क्रमांकाला एक गुण, दुसऱ्याला दोन. ज्याची बेरीज कमी तो वर. नेहाच्या अकरा शर्यतींची बेरीज ३२ झाली. नियमाप्रमाणे सर्वांत वाईट शर्यतीचे ५ गुण वजा झाले, उरले २७. तिसऱ्या आलेल्या सिंगापूरच्या मुलीचे २८. म्हणजे फरक एका गुणाचा! एक वाईट दिवस हिशेबातून वगळण्याची सोय या खेळात आहे. आम्ही पालक मात्र मुलांची एक चूक वर्षानुवर्षे वहीत मांडून ठेवतो.

पण एका पदकाने काम संपत नाही. हे लहान शीड कोवळ्या वयाच्या खेळाडूंसाठी असते. ऑलिंपिकमध्ये मुलींसाठी त्याहून मोठ्या शिडाची आयएलसीए-६ असते. चेन्नईच्या नेत्रा कुमानन हिने याच प्रकारात टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिंपिक गाठली. शीड वाढले की ताकद वाढवावी लागते, आणि शिक्षणही सांभाळावे लागते. त्याला घरचा आधार आणि सरकारी अकादमीसारखी सोय, दोन्ही लागतात. सोय करणे सरकारच्या हाती. अर्जावर सही करणे मात्र आपल्या हाती.

भुसावळला गाडीत बसले की खंडवा-इटारसीमार्गे भोपाळ येते. म्हणजे ती मुलगी काही परमुलखातली नाही. आणि पाण्याचे म्हणाल तर ते हतनूरलाही आहे. कमी काय ते आमच्याच घरात होते.

परवा आम्ही मुलीला विचारले, "तो अर्ज कुठे आहे गं?"

"त्याची तारीख केव्हाच गेली, बाबा."

"मग नवा आण."

तिने आमच्याकडे जरा निरखून पाहिले आणि म्हणाली, "आणते. पण या वेळी सही करा."

आमची आई अजून कुरकुरते आहे. तिची समजूत आम्ही घालू. वाचक बंधु-भगिनींनो, तुमच्याही घरातल्या एखाद्या दप्तरात असा घडी घातलेला कागद असेल. तारीख उलटण्याआधी तो मागून घ्या.