गावठाणाला रंग कोणता?

सूसच्या गावठाणात भूवापर सर्वेक्षण करताना एका घरापाशी माझी पेन्सिल अडली. रस्त्याला लागून पिठाची गिरणी, मागं दोन म्हशींचा गोठा, लोखंडी जिन्यानं वर गेलं की हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलांना भाड्यानं दिलेल्या तीन खोल्या. आमच्या नकाशात राहती जागा पिवळी, व्यापार निळा, कारखाना जांभळा. एका घराला एकच रंग. मी पिवळा भरला, आणि ते मला अजून खटकतं.

३० जून २०२१ रोजी सूससह २३ गावं पुणे महापालिकेत आली. त्यांचा विकास आराखडा करण्याचं काम मात्र शासनानं तेव्हा पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) दिलं. भोवतीच्या शेतात टॉवर उभे राहिले, लवळ्याच्या विद्यापीठाकडे जाणारी वर्दळ सूसमधून वाहू लागली आणि गावठाण न ठरवताच शहराची पेठ झालं. पेठेत काय चालू द्यायचं, हा प्रश्न म्हणून इथं तातडीचा आहे.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत कुठे काय चालेल हे बरंचसं रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता रुंद झाला की वापरही वाढतात. म्हणजे रुंदीकरणाच्या एका रेघेनं कुणाची ओसरी जाते आणि शेजारच्याला शोरूमचा हक्क मिळतो. रुंदी मोजायला सोपी, म्हणून ती निकष झाली. शेजाऱ्याला त्रास रुंदीचा होत नाही. माल कधी उतरतो, सांडपाणी कुठं जातं, रात्री किती वाजेपर्यंत आवाज चालतो, याचा होतो.

सलून आणि गाड्या धुण्याचं सेंटर, कागदावर दोन्ही सेवाच. सलूनला एक बादली पुरते. सेंटरला टँकर लागतो आणि तेलकट पाणी गल्लीच्या गटारात उतरतं. गावठाणात मी सलून, दवाखाना, शिवणकाम, खानावळ, गिरणी, भाड्याच्या खोल्या सगळं चालू देईन. सिमेंट-सळईचं गोदाम आणि पार्किंग नसलेलं मंगल कार्यालय देणार नाही.

जपानमध्ये अगदी ठेंगण्या, फक्त राहण्यासाठी राखलेल्या वस्तीतही घरातच ५० चौरस मीटरपर्यंतचं छोटं दुकान चालतं. तिथं मर्यादा आकाराला आहे, दुकानाला नाही.

बाणेर-सूसकडच्या ओल्या कचऱ्याच्या प्रकल्पाचं प्रकरण इथल्या लोकांना पाठ आहे. हरित लवादानं २०२० मध्ये तो बंद करायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये तो आदेश रद्द केला, पण वास रोखण्यासाठी अटी घातल्या. वादाचं मूळ वासात होतं आणि उत्तरही अटींतूनच शोधावं लागलं. त्या अटी पहिल्याच दिवशी का नसाव्यात?

जुन्या गावातही विभागणी होतीच. कुंभाराची भट्टी कडेला असे, ते समजण्यासारखं. पण माणसंही जातीनं वेशीबाहेर ठेवली जात. म्हणून मला वापरांच्या याद्या करताना भीती वाटते. धूर दूर ठेवायचा आहे, धूर करणारा माणूस नव्हे. भाडेकरू पोरांना किंवा गोठेवाल्याला 'इथं शोभत नाही' म्हणणारी हरकत आराखड्याच्या सुनावणीत आली, तर तिला माझा विरोधच राहील.

त्या दिवशी गिरणीवाल्या मावशींनी पिठाचे हात पदराला पुसत विचारलं, "ताई, आमची गिरणी राहील ना?" तक्त्यात एकच रकाना रिकामा होता, शेऱ्याचा. त्यांना विचारून मी लिहिलं : गिरणी संध्याकाळी सातला बंद. गोठ्याचं शेण रोज सकाळी शेतावर.