उसनी गाणी, आपला सांधा

गाणी एकामागोमाग एक वाजवणे निराळे आणि नाचणाऱ्यांची पावले न थबकता एका गाण्यातून दुसऱ्यात नेणे निराळे. डीजेची सारी कला या दोहोंमधल्या अंतरात सामावलेली असते. न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांत फ्रान्सिस ग्रासो याने १९६० च्या दशकाच्या अखेरीस दोन तबकड्यांचे ठोके जुळवायला सुरुवात केली आणि पुढच्या दशकात ब्राँक्समधील कूल हर्क याने गाण्यातला निव्वळ तालवाद्यांचा तुकडा दोन तबकड्यांवर लांबवत नेला. त्या काळी शिकू पाहणाऱ्याला खोकी भरून तबकड्या विकत घ्याव्या लागत. आज वसईच्या पश्चिम पट्ट्यातील गिरीजसारख्या गावात, केळीच्या वाडीला लागून असलेल्या घरातही, लॅपटॉप, दोन फिरत्या चकत्यांचा छोटा कंट्रोलर आणि इंटरनेटवरून वाहत येणारे संगीत, म्हणजेच स्ट्रीमिंग, एवढ्यावर हा अभ्यास सुरू होऊ शकतो.

या वाहत्या संगीताचा साठा अफाट आहे. एकट्या ॲपल म्युझिकनेच २०२२ मध्ये दहा कोटी गाण्यांचा टप्पा गाठला. मात्र वर्गणी भरून मिळते ती ऐकण्याची परवानगी, मालकी नव्हे. स्पॉटिफायने जुलै २०२० मध्ये डीजे-सॉफ्टवेअरशी असलेली जोडणी तोडली आणि २०२५ मध्ये ती काही सॉफ्टवेअरना, काही देशांपुरती, पुन्हा दिली. मधल्या काळात अनेकांनी निगुतीने लावलेल्या याद्या सरावाच्या कामाच्या राहिल्या नाहीत. स्ट्रीमिंगची गाणी मिसळताना ध्वनिमुद्रणही बहुधा बंद ठेवलेले असते, त्यामुळे आज साधलेला मिलाफ उद्या पुन्हा ऐकून तपासता येत नाही आणि जे काही शिकायचे ते कानातच साठवावे लागते.

कानाने शिकायची पहिली गोष्ट म्हणजे वेग. तो एका मिनिटातील ठोक्यांच्या संख्येने, म्हणजे बीपीएमने, मोजतात. १२० बीपीएमच्या गाण्यात दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका पडतो. त्याच्या जोडीला १२१ बीपीएमचे गाणे अगदी अचूक क्षणी सोडले, तरी अर्ध्या मिनिटात ते अर्धा ठोका पुढे सरकते आणि दोन ढोल एकमेकांच्या पायात पाय घालू लागतात. म्हणून येणारे गाणे आधी हेडफोनच्या एका कानात ऐकायचे, दुसरा कान चालू गाण्याकडे ठेवायचा, वेगाची सरकपट्टी हलवून दोन्ही समान करायचे आणि मगच ते बाहेर सोडायचे. वसई रोडला चालत्या लोकलमध्ये चढणारा माणूसही आधी गाडीच्या वेगाने चार पावले धावतो, तसेच हे. पण वेग जुळला म्हणजे काम संपले असे नाही. नृत्यसंगीतात साधारणतः ३२ ठोक्यांचा एक खंड पूर्ण झाला की काहीतरी पालटते, आणि १२० च्या वेगात हा खंड सोळा सेकंदांचा भरतो. तेवढ्या अवधीत जुन्या गाण्याचा खर्ज उतरवून नव्याचा चढवायचा असतो, कारण दोन खर्ज एकत्र आले की सगळा आवाज गढूळ होतो.

ठोके जुळवण्याचे काम आता सॉफ्टवेअरही करते. गाण्यावर ते ठोक्यांच्या समान अंतराच्या रेघा आखते, त्यांना बीटग्रिड म्हणतात. चार-चार ठोक्यांच्या यांत्रिक संगीतावर या रेघा चपखल बसतात. वसईच्या ख्रिस्ती लग्नाची संध्याकाळ मात्र अशी एकसुरी नसते. तिथे तीन ठोक्यांचा वॉल्ट्झ असतो, सहा मात्रांच्या झोकात चालणारी कोळीगीते असतात, शिवाय ज्यांच्यावर थोरली माणसेही उठून नाचतात अशी जुनी हिंदी गाणीही असतात. ही जुनी गाणी हाडामांसाच्या वादकांनी वाजवलेली असल्यामुळे अंतऱ्यात किंचित धावतात, ध्रुवपदाशी किंचित रेंगाळतात. अशा ठिकाणी पडद्यावरची रेघ एकीकडे आणि ढोलकीची थाप दुसरीकडे पडते, आणि यंत्राच्या भरवशावर राहिलेला नवशिका उघडा पडतो. कोळीगीताला चौपदरी ठेक्यावर ओढून बसवण्यापेक्षा ते पूर्ण संपू देणे, क्षणभर मोकळी जागा सोडणे आणि मग नवा ताल सुरू करणे हाही सांधाच असतो, आणि तो कुठे घालायचा हे कोणतेही सॉफ्टवेअर सांगत नाही.

घर आणि मंडप यांचे नियमही वेगवेगळे आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, तेव्हा दाट शेजारात हेडफोन हा सरावाइतकाच शेजारधर्माचाही भाग ठरतो. भारतीय कॉपीराइट कायद्याने लग्नसमारंभातील वादनाला सूट दिली आहे. तरीही स्ट्रीमिंगची वर्गणी सहसा केवळ वैयक्तिक वापरासाठी असते आणि कायद्याच्या सुटीने सेवेची ती अट रद्द होत नाही. मंडपात उतरणाऱ्याला शेवटी आपली गाणी विकत घेऊनच जावे लागते, आणि विकत घ्यायची वेळ आली की निवड आपोआप काटेकोर होते.

म्हणूनच जाणता शिकाऊ कोट्यवधी गाण्यांतून वीस-पंचवीसच उचलतो आणि प्रत्येकाचा ठेका कुठे सुरू होतो, गायक श्वास कुठे घेतो, वाद्ये कुठे गळतात, हे पाठ होईपर्यंत त्यांच्यावरच घोटत राहतो. गाणी उसनी, त्यांचे गायक-वादक परके, साठाही दुसऱ्याचा. पण त्या सोळा सेकंदांत काय करायचे याची समज शिकणाऱ्याची स्वतःची असते, आणि वर्गणी थकली म्हणून ती कोणी परत मागायला येत नाही.