रेडीची थंडी आणि कुळथाची पिठी

कोकणात थंडी पडते तरी का, असे घाटावरचे कार्यकर्ते मित्र मला हमखास विचारतात. त्यांची थंडी हातपाय आखडणारी. रेडीची तशी नाही. ती पहाटे येते आणि उन्हे वर आली की निघून जाते. रात्री वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तोच पहाटे अंगाला झोंबतो. दुपारी समुद्रावरून उलटा वारा सुटला की पुन्हा घाम! पण त्या चार-पाच तासांत घराघरांतून जे सुख नांदते, ते पाहण्यासाठी तरी डिसेंबर-जानेवारीत रेडीला जावे.

वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाला हे गाव. अलीकडे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचे शिरोडे, पलीकडे गोव्याचा तेरेखोल किल्ला. तेरेखोल नदीच्या याच तीरावर असल्यामुळे होडीत न बसता गोव्यात पाय ठेवता येतो. चालुक्य राजा मंगलेश याने रेवतीद्वीप जिंकल्याचा उल्लेख इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात आहे. ते रेवतीद्वीप म्हणजे हीच रेडी, असे अभ्यासक मानतात. यशवंतगड, लोहखनिजाच्या खाणी आणि १९७६ साली खाणीच्या परिसरात सापडलेला द्विभुज गणपती यांमुळे गावाचे नाव झाले. प्रवासी एवढे बघतात, शहाळे पितात आणि परततात. वाड्यांत कोणी शिरत नाही. चळवळीच्या कामाने माझे तिकडे जाणे-येणे असते, म्हणून मी वाडीतच उतरतो.

ज्या बौद्ध घरी मी राहतो, तेथील मावशी पहाटे न्हाणीच्या चुलीत नारळाची सोडणे आणि पिडे घालून हंडा तापत ठेवतात. घरातली पोरे दात घासायच्या निमित्ताने तिथेच ठाण मांडून बसतात. राखेत दोन कणग्या पुरलेल्या असतात. त्या भाजल्या की साल सोलून गरम गरम तोंडात टाकायच्या. जीभ पोळते, पण थांबवत नाही. अंगणात आंब्याला मोहोर धरू लागलेला असतो. थंडी नीट पडली तर मोहोर चांगला, आणि मध्येच मळभ आले की तुडतुड्यांची धास्ती. त्यामुळे इथे थंडीची चौकशी आजारी माणसाच्या तब्येतीसारखी रोज होते.

भात कापून झाले की त्याच ओलीवर कुळीथ पेरायचा. परसात लाल भाजी, मुळा, मिरची, वाल. हे काम सगळे बायांचे. कळशीने पाणी घालून मळा जगवतात आणि वर "काय कष्ट नाय हो त्यात," असे म्हणतात! सकाळी उकड्या तांदळाची पेज, बरोबर निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. रात्री कुळथाची पिठी. लसूण-मिरचीची फोडणी, दोन आमसुले, थोडे खोबरे. गरम भातावर ती ओतली की ताटावर वाफ उठते आणि काही वेळ कोणी बोलत नाही.

अशाच एका रात्री जेवणानंतर मावशी पडवीत गोधडी पांघरून बसल्या होत्या. सहज म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यान थंडीची रात घराक कधी काढल्यान नाय." मला आधी कळले नाही. मग त्या सविस्तर सांगू लागल्या. कार्तिकानंतर गावोगाव जत्रा सुरू होतात, रात्रभर दशावतार चालतो. लोक पांघरुणे घेऊन नाटक बघत आणि गावकीचे काम म्हणून सासरे मशाल धरून उभे. नाहीतर राखण, नाहीतर रात्रीचा निरोप घेऊन दुसऱ्या गावी. अंगावर गोणपाट. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे बिल आणले. १९५६ ला नागपूरची धम्मदीक्षा झाली, तो वारा पुढे कोकणातही आला. त्यानंतर सासऱ्यांनी मशाल धरायचे सोडले. धान्य बंद होईल, वाट बंद होईल, अशा धमक्या झाल्या. त्या वर्षी ते पहिल्यांदा थंडीत घरात निजले. झोप मात्र आली नाही म्हणे! सवयच नव्हती. उठून चुलीपाशी बसले आणि पोरांना कणग्या भाजून दिल्या.

पुस्तकांत मुक्तीचे अर्थ आपण पुष्कळ वाचतो. हा अर्थ मी कुठे वाचला नव्हता.

आता घरातले तरुण दशावतार बघायला आवडीने जातात. नटाची गाणी आणि लढाया त्यांना पाठ. मानपानाच्या भानगडीत पडत नाहीत, नवसही बोलत नाहीत. तरीही मावशींच्या दिरांना ते पटत नाही. जिथे बापाने मशाल धरली तिथे टाळ्या कसल्या वाजवता, असे ते विचारतात. मला तरुणांचे चुकते असे वाटत नाही. प्रेक्षक म्हणून बरोबरीने बसणे हीही कमाईच आहे. पण दिरांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. हा वाद त्या घरात अजून मिटलेला नाही.

६ डिसेंबरला घरातले कोणी ना कोणी चैत्यभूमीला जाते. २५ डिसेंबरला तेरेखोलच्या बाजूला नाताळाचे दिवे लागतात, त्याच संध्याकाळी वाडीत मनुस्मृती दहनाचा १९२७ चा दिवस पाळतात. पावसाळ्यात, वर्षावासात सुरू झालेले 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' चे वाचन इथे थंडीपर्यंत रेंगाळते, कारण पावसात लावणी की वाचन! नात वाचते, बाया भाजी निवडत ऐकतात. नात गोव्यात नोकरीला आहे. मोप्याचा विमानतळ २०२३ साली सुरू झाल्यापासून त्या बाजूला जाणारी मुले-मुली वाढली, असे मावशी सांगतात. पहाटेच्या पाळीला ती अंधारातच निघते, त्यामुळे न्हाणीचा पहिला हंडा तिचा.

निघताना मावशींनी माझ्या पिशवीत शेरभर कुळीथ घातला. आधी भाजायचा, मग जात्यावर भरडून साल पाखडायचे, आणि मगच दळायचा, असे दोनदा बजावले. गिरणीवाला घाई करील, त्याचे ऐकायचे नाही.